अदलाबदल झालेले फर्मे

१२ जानेवारी, सोमवार

ही खरं म्हणजे वही नाही. पुस्तक छापून यायच्या आधी ते किती जाड होईल हे बघायला आम्ही बाइंडर लोक कोऱ्या कागदांची एक नमुना प्रत बांधतो. बाहेरून हुबेहूब पुस्तक, आत काही नाही. दुकान बंद केलं तेव्हा अशा सात प्रती घरी आल्या. सहा कुणाकुणाला दिल्या, ही ठेवून घेतली, कारण हिची शिलाई माझ्या हातची आहे.

लिहायला बसले कारण आज सूनबाईला दवाखान्यातून घरी आणलं. तिसऱ्यांदा. या खेपेला नववा आठवडा होता. चिरंजीव गाडी चालवत होते, ती शेजारी. मी मागे बसून दोघांच्या मानांकडे बघत आले. कुणी एक शब्द बोललं नाही. घरी आल्यावर ह्यांनी दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तेही काही बोलले नाहीत. माझ्या घरात अबोल माणसांची कमतरता कधीच नव्हती.

मी ठरवलं आहे की हे प्रकरण आता मी हातात घ्यायचं. चाळीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलं आहे, सुटलेलं कसं जोडायचं ते मला कळतं. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. दिवसभर उभी. "हे अक्षर दिसतंय का? आता दिसतंय?" असं शंभर वेळा. पहिलं म्हणजे ते उभं राहणं बंद. चिरंजीवांकडे काही दोष नाही, हे गेल्या वर्षीच सिद्ध झालेलं आहे. त्याची तपासणी झाली होती, शुक्राणूंची संख्या भरपूर, चाल उत्तम. तो कागद मी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवला आहे.

मलाही चिरंजीवांच्या आधी काही वेळा गडबड झाली होती. पण ते निराळं. मी कागदाचे गठ्ठे उचलत असे.

१६ जानेवारी, शुक्रवार

सूनबाईच्या दुकानात स्वतः जाऊन एक उंच स्टूल देऊन आले. संध्याकाळी ते स्टूल घरी परत आलं. तिचं म्हणणं, बसून आरसा फिरवता येत नाही. मी म्हटलं, थोडी सवय कर. ती शांतपणे म्हणाली, "आई, उभं राहून गर्भ पडत असते, तर सगळ्या परिचारिका निपुत्रिक असत्या."

चिरंजीव हसले. मला ते आवडलं नाही, पण तो बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून सोडून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी दोघांच्या रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी सांगितली आहे. मला तर हे उगाच वाटतं. पण असो, निदान सूनबाईचं काय ते कळेल.

२८ जानेवारी, बुधवार

सूनबाईचं रक्त स्वच्छ. चिरंजीवांचं नाही.

मी दोनदा विचारलं, कागद बदलले तर नाहीत ना. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण बाई बसतात, त्यांचं काम फक्त समजावून सांगायचं. मी त्यांना मनात समजावणीबाई असं नाव ठेवलं. मोठ्या धीराच्या आहेत.

शाळेत आम्हाला जीवशास्त्र एका वयस्क सिस्टर शिकवत. हृदय, फुप्फुसं, बेडकाचं पोट, सगळं त्या प्रेमानं शिकवायच्या. फळ्यावर त्यांनी काढलेला बेडूक मला अजून आठवतो, इतका सुबक की पुसताना आम्हाला वाईट वाटायचं. पण वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या पुस्तकात शेवटून दुसरं प्रकरण टाचण्यांनी बंद करून टाकत. तेच आज वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी एका परक्या खोलीत, मुलगा आणि सून दोन्ही बाजूंना घेऊन ऐकलं.

ऐकून मला जे समजलं ते असं. आपल्याकडे गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, एकेक आईकडून आणि एकेक वडिलांकडून. चिरंजीवांच्या पाचव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचं टोक तुटून अकराव्या जोडीतल्या एकाला चिकटलं आहे, आणि तिकडचं टोक इकडे. हरवलेलं काहीच नाही, म्हणून तो धडधाकट आहे.

सूनबाईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला कळतंय. चिरंजीवांना कळत नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तार तुटली म्हणजे तुटली. मग मीच सांगितलं. फार वर्षांपूर्वी आमच्याकडे जनावरांच्या रोगांवरचं दोन खंडांचं पुस्तक बांधायला आलं होतं. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा फर्मा होतो, आणि असे फर्मे ओळीनं रचून पुस्तक होतं. ते रचायचं काम माझं. मी एका गठ्ठ्यात पहिल्या खंडाचा शेवटचा फर्मा दुसऱ्या खंडाला लावला आणि दुसऱ्याचा पहिल्याला. माझ्या हातून अशी चूक एकदाच झाली. त्या आठवड्यात मी नुकतीच दवाखान्यातून घरी आले होते, लक्ष नव्हतं. आता ज्यांनी आमच्या गठ्ठ्यातले दोन्ही खंड नेले त्यांचं काही अडलं नाही. पानं सगळी होती, फक्त भलत्या जागी. पण एका ग्रंथालयानं पहिला खंड आमच्या गठ्ठ्यातला नेला आणि दुसरा नीट बांधलेल्या गठ्ठ्यातला. त्यांच्याकडे घोड्याचं पोट दोनदा आलं आणि गाईचे खूर आलेच नाहीत.

समजावणीबाईंनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, अगदी असंच, आणि हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार. शुक्राणू तयार होतो तेव्हा प्रत्येक जोडीतलं एकेकच त्याच्यात जातं. एखाद्यात दोन्ही नीट जातात. एखाद्यात दोन्ही बदललेली, तरी मजकूर पूर्ण. आणि पुष्कळांत एक नीट, एक बदललेलं. हे सगळे दिसायला सारखे आणि पोहायलाही सारखेच पटाईत, म्हणून गेल्या वर्षीच्या तपासणीत काही दिसलं नाही. गर्भ राहतो, वाढतो, आणि जिथे गाईच्या खुरांची गरज पडते तिथे थांबतो.

घरी आल्यावर मी ते प्लॅस्टिकचं कव्हर बघितलं. कागद तसाच आहे. मी काही तो फाडला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हे बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं, क्वचित नव्यानंही होतं. म्हणून आम्हा दोघांचं रक्त हवं आहे. मला विचारलं तर त्याची गरज नाही. ह्यांच्या घराण्यातच आहे ते. ह्यांच्या चुलत आत्याला मुका मुलगा होता. शिवाय ह्यांचे काका. एकेक वल्ली. माझ्या माहेरी असलं काही नाही. आम्ही दोघंच भावंडं, दादा आणि मी, पण दोघंही ठणठणीत. दादाला मूल झालं नाही, पण ते वहिनीमुळे. नऊ वर्षं वाट बघून ती माहेरी गेली. पुढे तिनं दुसरं लग्न केलं आणि तिला दोन मुली झाल्या, कुणाचं नशीब कधी फळफळेल सांगता येत नाही. आईलाही दादा आणि माझ्यामध्ये अकरा वर्षं काही झालं नव्हतं. पूर्वी माणसं सावकाश घ्यायची.

ह्यांना घेऊन गेले आणि रक्त देववलं. एका कानानं ऐकू येत नाही, कागद कापण्याच्या मशीनच्या आवाजानं घालवला तो, त्यामुळे सुई टोचणाऱ्या मुलीला ह्यांनी तीनदा "काय?" विचारलं. माझंही तिथेच घेणार होते, पण मला दोन दिवस सर्दी आहे. म्हटलं, नंतर येते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांचं रक्त स्वच्छ.

प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल होऊ शकते. माझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार?

३ मार्च, मंगळवार

अजून गेले नाही. रक्तदाब जरा वरखाली होतो आहे, त्यात सुया नकोत. शिवाय ते नव्यानंच झालं असणार, हे आता उघड आहे. समजावणीबाई म्हणाल्याच होत्या की तसंही होतं.

दुपारी सूनबाई लवकर घरी आली. माझ्या चष्म्याच्या दांड्या सैल झाल्या होत्या, त्या घट्ट करत बसली. काम करता करता तिनं विचारलं, "आई, ह्याच्या आधी तुम्हाला किती वेळा दिवस गेले होते?"

मी म्हटलं, ते फार जुनं झालं.

तिनं चष्मा पुसला, माझ्या नाकावर बसवला, कानामागे बोट लावून बघितलं. पुन्हा विचारलं नाही. चष्मा आता अगदी नीट बसतो.

शाळेत सिस्टर सांगत की खोटं बोलू नये. न बोलण्याबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

८ मार्च, रविवार

चिरंजीव गेले. म्हणजे त्यांच्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायला गेले, पण जाताना सहा शर्ट नेले.

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. आमच्यासमोरच तो सूनबाईला म्हणाला, "तू चौतीस वर्षांची आहेस. अजून वेळ आहे. माझ्यापायी तुझं नुकसान नको. तू मोकळी आहेस असं समज."

ती म्हणाली, मी कुणाबरोबर राहायचं ते मी ठरवीन. तो म्हणाला, ठरवायला आधी नीट माहिती पाहिजे, आणि माहिती अशी आहे की मी फुटका माल आहे. माझ्या मुलाच्या तोंडून हा शब्द. ह्यांनी घास खाली ठेवला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्याला भाजी वाढली.

तो गेल्यावर सूनबाई उठली, त्याचं ताट घासून जाग्यावर ठेवलं आणि खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला नाही. आला असता तर मी गेले असते.

ह्या पोरानं एवढ्यानं घर मोडायचं? मी तसं होऊ देणार नाही. उद्या रक्त देऊन येते. माझंही स्वच्छ निघेल, मग त्याला सांगता येईल की बाबा रे, हे कुणाकडून आलेलं नाही, वीज पडावी तसं तुझ्यावर पडलं, त्यात तुझा काय दोष?

३० मार्च, सोमवार

अहवालावर नाव माझं आहे. जन्मतारीख माझी आहे. पाच आणि अकरा. नळ्या बदललेल्या नाहीत.

आता लिहितेच, कारण हे कुठेच लिहिलेलं नाही.

पहिलं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. दोन महिने. माहेरी कळवलंसुद्धा नव्हतं.

दुसरं, त्याच्या पुढच्या वर्षी. तेही तेवढंच. दुकानातच झालं, शिलाईच्या टेबलापाशी. ह्यांनी मशीन बंद केलं आणि मला घरी घेऊन आले.

तिसरं चौथ्या महिन्यात गेलं. त्यासाठी मी दोन टोपडी विणली होती. जनावरांच्या रोगांचं पुस्तक त्याच वेळचं.

चौथं पुन्हा दोनच महिन्यांचं. त्या वेळी मी डॉक्टरकडे गेले नाही.

मग हा.

गठ्ठे मी पाचव्या वेळीही उचलत होते. हे मला आज आठवलं, की आधीपासून आठवत होतं, ते सांगता येत नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी वर्कशॉपमध्ये गेले. चिरंजीव लिफ्टच्या एका मोटरचं पोट उघडून बसले होते. मी शेजारच्या खोक्यावर बसले आणि अहवाल त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं ग्रीसचे हात वर धरून, खाली वाकून डोळे बारीक करत तो वाचला. म्हटलं, तुला हे माझ्याकडून आलंय. तो लगेच मला समजवायला लागला, आई, तुझा त्यात काय दोष, कुणाच्या हातात असतं का. जे मी त्याला सांगायला आले होते ते तोच मला सांगत होता.

मी म्हटलं, ते राहू दे, दुसरं ऐक. मग चारही सांगितली. टोपड्यांसकट.

"तू पाचवा," मी म्हटलं. "माझ्याच बदललेल्या फर्म्यांचा. फुटका माल म्हणालास ना? चाळीस वर्षं मी तो मिरवत फिरते आहे."

तो बराच वेळ फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला. मग म्हणाला, "चार वेळा? आणि तू बाबांना सोडून का नाही गेलीस? किंवा ते?"

मला हसू आलं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की जायला हवं. दोष कुणाच्या बाजूनं आहे तेही माहीत नव्हतं. दर वेळी हे एक दिवस दुकानाला कुलूप लावायचे आणि कुणी विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दोघं कामावर. ह्यांनी मला कधी काही विचारलं नाही आणि मी ह्यांना कधी काही सांगितलं नाही. मला वाटायचं ह्यांना त्याचं काही वाटत नाही. हे मी चिरंजीवांना सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या चार वेळांत मशीन एकदाही बिघडलेलं नव्हतं.

४ एप्रिल, शनिवार

चिरंजीव घरी आले. सहाही शर्ट मळके. सूनबाईनं दार उघडलं आणि म्हणाली, चष्मा इथेच विसरून गेला होतास, चार आठवडे बघत काय होतास? तो म्हणाला, काही नाही, म्हणूनच आलो.

दोघं खोलीत गेले. मी ह्यांना घेऊन फिरायला बाहेर पडले. चांगले दोन तास फिरवलं.

११ एप्रिल, शनिवार

आज वहिनीकडे गेले होते. एकतीस वर्षांनी.

हे कुणी करायला सांगितलं नाही. समजावणीबाईंनी फक्त एवढंच म्हटलं होतं की तुमच्या भावंडांनाही हे असण्याची निम्मी शक्यता आहे, त्यांना कळवा. मी म्हटलं, दादा जाऊन सहा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, मग प्रश्न नाही. पण प्रश्न होता.

ती अजून तिच्या माहेरच्या गावातच राहते, टायपिंगचा क्लास चालवायची, आता मुलगी चालवते. दार त्या मुलीनंच उघडलं. वहिनीसारखीच उंच. वहिनीनं मला लगेच ओळखलं, आत बसवलं, चहा ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. आईच्या त्या अकरा वर्षांबद्दल, माझ्याबद्दल, चिरंजीवांबद्दल. दादाचं रक्त कधी तपासलं नाही, त्यामुळे खात्रीनं काहीच म्हणता येणार नाही, तेही सांगितलं. तिला तीनदा दिवस गेले होते हे मला माहीत होतं. आम्ही त्याला तिचा अशक्तपणा म्हणत होतो.

आणि मग ते पत्र. तिच्या वडिलांना पाठवलेलं, मुलीला घेऊन जा म्हणून. दादानं सांगितलं, आईनं सांगितलं, पण लिहिलं मी. माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं म्हणून.

वहिनी म्हणाली, "मी तेव्हा तुमच्या दादांना म्हणत होते की आपण दोघंही तपासून घेऊ. ते तयार होत आले होते. तेवढ्यात पत्र गेलं." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "अक्षर मात्र खरंच सुंदर होतं. बाबांनी दोनदा वाचलं."

मी माफी मागितली. तिनं ती नाकारली नाही आणि स्वीकारलीही नाही. निघताना तिनं विचारलं, सूनबाई कशी आहे? मी म्हटलं, माझ्यापेक्षा शहाणी आहे. ती म्हणाली, मग तिचं ऐका.

१९ मे, मंगळवार

दोघांनी ठरवलं की बाहेर गर्भ वाढवून, तपासून मगच आत ठेवायचा. समजावणीबाईंनी दुसरा रस्ताही सांगितला होता, की नुसते प्रयत्न करत राहिलात तरी कधीतरी चांगलं मूल होऊ शकतं, तुमच्या आईंना झालंच. सूनबाई म्हणाली, आईंना चार वेळा झालं तेही झालं. ते मला पुन्हा नको.

मी मत दिलं नाही. हे इथे मुद्दाम नोंदवते.

सूनबाईची अकरा बीजं मिळाली. आठ फळली. पाचव्या दिवसापर्यंत पाच गर्भ टिकले. प्रत्येकाच्या बाहेरच्या कडेतल्या चार-पाच पेशी काढून तपासायला पाठवल्या आणि गर्भ गोठवून ठेवले. ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी विचारलं, तोवर त्यांना थंडी नाही का वाजणार? सूनबाई पोट धरून हसली. टाके नव्हते, पण दुखत होतं, तरी हसली.

१० जून, बुधवार

पाचांपैकी तीन गर्भांत काही दुबार, काही गायब. दोन पूर्ण.

दोन. मी तर एकाचीच आशा धरली होती.

चिरंजीवांनी विचारलं, या दोघांत अगदी सरळ कुठला आणि माझ्यासारखा बदललेला कुठला? समजावणीबाई म्हणाल्या, ही तपासणी मजकूर पूर्ण आहे का एवढंच सांगते, कुठल्या जागी आहे ते सांगत नाही. दोन्ही सरळ असतील, दोन्ही बदललेले असतील, किंवा एकेक. त्याला ते पटेना. पुन्हा विचारलं, दुसरी एखादी तपासणी नाही का? आपल्या हातून पुढच्या पिढीत हे जायला नको, असं त्याच्या डोक्यात होतं.

सूनबाईनं त्याला थांबवलं. म्हणाली, "तुझ्यासारखं निघालं तर मला चालणार आहे. मी तुझ्याशी लग्न तपासून केलं नव्हतं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. समोरच्या इमारतीवर एक माणूस काचा पुसत होता.

६ जुलै, सोमवार

एक गर्भ ठेवला. दहा मिनिटांचं काम. सूनबाई परत आली आणि उद्या दुकानात उभी राहणार आहे म्हणाली. मी म्हटलं, अवश्य.

१७ जुलै, शुक्रवार

नाही.

गर्भ पूर्ण असला तरी रुजतोच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरीही. चिरंजीवांनी आज वर्कशॉप बंद ठेवलं. गिऱ्हाइकाचा फोन आला, तेव्हा "बायकोला बरं नाही आणि मलाही" असं सरळ सांगितलं. दोघं दिवसभर घरात होते, पत्ते खेळले. सूनबाई लबाडी करते, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मला वाटतं, होईल. हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते विचारू नये.

२४ ऑगस्ट, सोमवार

दुसरा ठेवला. आता गोठवलेलं काही शिल्लक नाही.

४ सप्टेंबर, शुक्रवार

रुजला. सूनबाईनं फोनवर एवढंच सांगितलं आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून दिला. ह्यांच्या चांगल्या कानात मी ओरडून सांगितलं. शेजारणीलाही कळलं.

२८ सप्टेंबर, सोमवार

नववा आठवडा कधी सुरू होतो ते घरातल्या चौघांनाही माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. पण हा अबोला मला आता वेगळा वाटतो. आज जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, माझंही तिसरं चौथ्या महिन्यापर्यंत गेलं होतं, तेव्हा मी नवव्या आठवड्यानंतरही धीर सोडणार नाही आणि घाईनं आनंदही करणार नाही. ह्यांनी हात पुढे केला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, त्याचं नाव मी ठरवलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे बोलले. कुठलं ते त्यांनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, ते आमचं आहे.

१९ ऑक्टोबर, सोमवार

अकरावा आठवडा. ठोके नीट. वाढ जेवढी हवी तेवढी. चिरंजीव आतून बाहेर आले आणि ह्यांच्या शेजारी येऊन बसले, गुडघा हलत होता, तो लहानपणी खूश असला की हलायचा तसा.

पुढे गर्भजलाची एक तपासणी आहे, खात्रीसाठी. ती करायची असं सूनबाईनं ठरवलं आहे. त्यासाठी परिचारिका फॉर्म भरायला आली. बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. खुर्च्या इतक्या जवळजवळ की एकाचं बोललेलं सगळ्यांना ऐकू जावं. तिनं विचारलं, घराण्यात असं कुणाला आहे का?

चिरंजीव म्हणाले, मला. त्यांचा आवाज मुळातच मोठा, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वर ओरडायची सवय.

मी म्हटलं, मलाही. माझ्याकडूनच आलंय. आणि माझा भाऊ लिहा. त्याची तपासणी झाली नाही, पण त्याच्या बायकोचे तीन गर्भ गेले होते, तेही लिहा. दोष तिचा नव्हता, असं लिहिता येत असेल तर लिहा.

परिचारिका म्हणाली, एवढी जागा नाही आजी, पण लिहिते. मग मान वर न करता विचारलं, "तुम्हाला स्वतःला मुलं किती?"

चाळीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. एक. कार्यालयांत, शाळेत, दुकानात आलेल्या बायकांना, सगळ्यांना.

"दिवस पाच वेळा गेले," मी म्हटलं. "हा पाचवा."

समोरच्या खुर्चीतल्या एका मुलीनं वर बघितलं. तिच्या मांडीवर आमच्यासारखाच फायलींचा गठ्ठा होता.

परिचारिकेनं लिहून घेतलं. चिरंजीव वाकून तिचं लिहिणं बघत होते. म्हणाले, "लिफ्ट चार वेळा मध्येच अडकली, सिस्टर. पाचव्यांदा मी वर आलो."

ती मुलगी हसली. ह्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यांनी "काय?" विचारलं, म्हणून त्यानं ते पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

दार उघडून सूनबाई बाहेर आली आणि म्हणाली, "तुमचा सगळा आवाज आत ऐकू येतोय. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, ही माणसं कुणाची? मी सांगितलं, माझी."